खिडकीतली बाई आणि तिचा नवरा : गर्ट्रूड बर्ग यांच्या कारकिर्दीतली दीड वर्षांची कोंडी

सोमवारी रात्री न्यूयॉर्कमधल्या एका स्टुडिओत एक खोटी खिडकी उघडायची. तिच्यातून एक भरदार अंगाची, घरगुती चेहऱ्याची बाई डोकवायची, चौकटीवर कोपरं टेकवायची आणि चाळीच्या गॅलरीतून शेजारणीशी बोलावं तशी थेट कॅमेऱ्याशी बोलू लागायची. बोलता बोलता ती ‘सँका’ या कॅफीन काढलेल्या कॉफीचं कौतुक करायची. जाहिरात कुठे संपली आणि गोष्ट कुठे सुरू झाली हे कळायचंही नाही. ही बाई म्हणजे मॉली गोल्डबर्ग, ब्रॉंक्समधल्या एका ज्यू कुटुंबाची कर्ती गृहिणी. मॉलीचं काम करणाऱ्या गर्ट्रूड बर्गच मालिकेच्या लेखिका होत्या आणि मालकीणही.

जून १९५० ते जानेवारी १९५२ या काळात बर्गबाईंवर एक पेच आला. मॉलीच्या नवऱ्याचं काम करणाऱ्या, कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या संशयात सापडलेल्या नटाला काढा, नाहीतर मालिका गमवा, असा तो पेच होता. त्यांनी काय केलं, कशाच्या बळावर केलं आणि ते बळ कुठे कमी पडलं, याची ही मांडणी आहे. माणसं सार्वजनिक इतिहासातली असल्यामुळे नावं खरी आहेत. ज्यांचा या व्यवहाराशी संबंध नव्हता त्या घरच्या माणसांची नावं दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

बर्गबाईंचं माहेरचं नाव टिली एडेलस्टीन. जन्म १८९९ चा, न्यूयॉर्कमधला. वडील कॅट्सकिल डोंगरातल्या फ्लाइशमन्स या गावी उन्हाळी हॉटेल चालवत. पावसाने पाहुणे आत अडकून पडले की त्यांना रमवण्यासाठी ही मुलगी छोटी प्रहसनं लिहायची आणि बसवायची. पुढच्या सगळ्या कारकिर्दीचं मूळ तिथे आहे. लग्नानंतर त्यांनी हाच हात रेडिओसाठी वापरला आणि २० नोव्हेंबर १९२९ रोजी एनबीसी या प्रसारण कंपनीवर गोल्डबर्ग कुटुंबाची श्रुतिका सुरू झाली. वॉल स्ट्रीटवरचा शेअरबाजार कोसळून जेमतेम महिना झाला होता. आठवड्याचे ७५ डॉलर मिळायचे आणि नटांचे पैसेही त्यातूनच द्यायचे. नाट्यसंस्थेची कर्ती बाई जशी पेटी, पडदा आणि माणसं एकटीने सांभाळते तशी ही बाई पहिल्या दिवसापासून लेखिका, नटी आणि व्यवस्थापक होती. मधल्या काही खंडांसह श्रुतिका १९४५ पर्यंत चालली.

१९४८ साली याच कुटुंबावरचं त्यांचं नाटक ब्रॉडवेवर आलं. त्यात नवऱ्याचं, म्हणजे जेकचं काम फिलिप लोब यांनी केलं. जानेवारी १९४९ मध्ये गोल्डबर्ग कुटुंब सीबीएस या टीव्ही वाहिनीच्या पडद्यावर आलं तेव्हा जेक म्हणून लोबच आले.

लोब यांची ओळख नीट करून द्यायला हवी, कारण पुढच्या कागदपत्रांत हा माणूस म्हणजे नुसतं एक नाव होऊन बसतो. जन्म १८९१, फिलाडेल्फिया. न्यूयॉर्कच्या अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये त्यांनी नव्या नटांना शिकवलं. ‘अ‍ॅक्टर्स इक्विटी’ या नटांच्या संघटनेत ते हिरिरीने काम करत. एके काळी ब्रॉडवेवर तालमीचे पैसे मिळत नसत. आठवडेच्या आठवडे तालीम करायची, आणि नाटक चार दिवसांत पडलं तर चार दिवसांचेच पैसे. तालमीचाही मोबदला मिळावा म्हणून १९३० च्या दशकात जी माणसं संघटनेत भांडली, त्यांच्यात लोब पुढे होते. पत्नी वारली होती. मुलगा दीर्घकाळ आजारी होता आणि त्याच्या उपचारांचा मोठा खर्च या एका माणसाच्या कमाईवर चालत होता.

आता त्या काळच्या टीव्हीचा व्यवहार. आज एका भागाच्या मध्ये दहा कंपन्यांच्या जाहिराती येतात. १९५० साली बहुतेक मालिकांना एकच प्रायोजक असे. तो वाहिनीकडून वेळ विकत घेई आणि आपल्या जाहिरात एजन्सीमार्फत कार्यक्रमावर लक्ष ठेवी. बर्गबाईंच्या मालिकेचा प्रायोजक होता जनरल फूड्स, ‘सँका’ बनवणारी खाद्यपदार्थांची बलाढ्य कंपनी. म्हणजे मालिका बाईंची, वेळ सीबीएसची आणि पैसा जनरल फूड्सचा. बाईंच्या मालकीला या तिहेरी गाठीत किती जोर आहे, हे वेळ येईपर्यंत कोणी ताणून पाहिलं नव्हतं.

अडचण

जून १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची एक पुस्तिका बाजारात आली. ‘काउंटरअटॅक’ हे कम्युनिस्टविरोधी पत्रक चालवणाऱ्या मंडळींनी ती काढली होती. एफबीआय सोडून बाहेर पडलेल्या तिघांनी १९४७ साली हा उद्योग उभा केला होता. पुस्तिकेत रेडिओ आणि टीव्हीवरच्या १५१ जणांची नावं होती आणि प्रत्येक नावाखाली त्या माणसाने कधी कुठल्या पत्रकावर सही केली, कुठल्या सभेला पाठिंबा दिला याची जंत्री.

पुस्तिकेची सारी खुबी या जंत्रीत होती. कोणालाही उघडपणे ‘हा कम्युनिस्ट आहे’ असं म्हटलेलं नव्हतं. आरोपच नाही, तर खोडून काय काढायचं आणि खटला कशावर भरायचा? लोब यांच्या नावाखालच्या नोंदींत एक नोंद बेसबॉलमधला वर्णभेद संपवण्यासाठी निघालेल्या समितीला दिलेल्या पाठिंब्याची होती. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू १९४७ पासून ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळत होता. १९४९ साली तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. जी मागणी मान्य होऊन तीन वर्षं झाली, जिच्यासाठी देशभरचे प्रेक्षक टाळ्या वाजवत होते, तिच्या बाजूने उभं राहिल्याची नोंद १९५० साली एका नटाच्या पोटावर आली. हे लिहितानाही मला राग येतो.

आपण कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य नाही आणि कधी नव्हतो, असं लोब यांनी स्पष्टपणे सांगितलं. पण गाडी त्या प्रश्नावर अडलेलीच नव्हती. ती कशावर अडते हे ऑगस्ट १९५० मध्ये दिसलं. जीन म्यूअर ही अभिनेत्री एका विनोदी मालिकेत आईची भूमिका करणार होती. प्रायोजक तोच, जनरल फूड्स. म्यूअर यांचं नाव पुस्तिकेत होतं. काही लोकांनी फोन करून निषेध नोंदवला, तेवढ्यावर पहिला भाग ऐन वेळी रद्द झाला आणि म्यूअर यांना काढण्यात आलं. कंपनीने त्यांच्यावर काहीच ठपका ठेवला नाही. त्या ‘वादग्रस्त’ झाल्या आहेत आणि वादग्रस्त माणसामुळे मालाच्या विक्रीला बाधा येते, एवढंच कंपनीचं म्हणणं होतं. करारातले पैसेही त्यांना देऊन टाकले.

‘वादग्रस्त’ हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. माणूस दोषी आहे की निर्दोष, हा प्रश्न तो शब्द दाराबाहेर ठेवतो. कोणीतरी बोट दाखवलं की काम झालं. निर्दोष असल्याचा पुरावा आणला तरी माणूस वादग्रस्त उरतोच, कारण वाद झालेला असतो.

किराणा मालाच्या कंपन्या एवढ्या का घाबरत, याचं उत्तर सिरॅक्यूज शहरात सापडतं. तिथे लॉरेन्स जॉन्सन नावाचे एक गृहस्थ सुपरमार्केटं चालवत. पुढच्या एक-दोन वर्षांत त्यांनी एक रीत पाडली. पुस्तिकेतला नट ज्या कार्यक्रमात दिसे, त्याच्या प्रायोजकाला ते कळवत की तुमच्या मालाच्या फळीवर आम्ही तशी पाटी लावू. मोटार विकणाऱ्याला याची झळ कमी. कॉफी, साबण, टूथपेस्ट विकणाऱ्याला मात्र दुकानाच्या फळीवरची पाटी सहन होत नाही, कारण शेजारीच दुसऱ्या कंपनीचा डबा ठेवलेला असतो.

समोरचे पर्याय

सप्टेंबर १९५० च्या सुमारास जनरल फूड्सकडून निरोप आला की लोब यांना काढा. बर्गबाईंसमोर तेव्हा काय काय होतं?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जेक बदलणं. करार तोडण्याचे पैसे द्यायचे, नवा नट आणायचा आणि पुढच्या सोमवारी खिडकी उघडायची. त्या वर्षी या व्यवसायात बहुतेकांनी हेच केलं आणि त्याची कुठे वाच्यताही केली नाही. याचाच एक मवाळ प्रकार म्हणजे जेकला गोष्टीतून काही काळ बाहेर ठेवणं. लेखिका त्याच असल्यामुळे नवऱ्याला कामासाठी गावोगाव फिरवणं त्यांच्या हातचा मळ होता. पण मालिकेचा डोलारा मॉली आणि जेकच्या संसारावर उभा होता. रोज संध्याकाळी घरी येणारा, तक्रार करत जेवायला बसणारा, बायकोच्या उपद्व्यापांवर वैतागणारा आणि शेवटी तिचंच ऐकणारा जेक नसेल, तर मॉलीने बोलायचं कोणाशी?

दुसरा मार्ग लोब यांनी स्वतःला ‘साफ’ करून घेण्याचा होता. अशी सफाई देणारी माणसं आणि कचेऱ्या या काळात उभ्या राहत होत्या. पश्चात्तापाचं पत्र लिहायचं, जुन्या सहकाऱ्यांबद्दल सांगायचं, कम्युनिस्टविरोधी सभेत भाषण करायचं. लोब यांच्यासारखा संघटनेत मुरलेला माणूस सोबत्यांची नावं देणं शक्य नव्हतं, आणि बर्गबाईंनी त्यांच्याकडून तशी अपेक्षा केल्याचं कुठे दिसत नाही.

कायद्याचा मार्ग कागदावर होता. लोब यांचा मालिकेशी पक्का करार होता. पण करार बर्गबाईंशी होता. त्यांना कामावरून काढायला सांगणारे जनरल फूड्स आणि सीबीएस यांच्याशी लोब यांचा कुठलाच करार नव्हता. लोब कोर्टात गेले असते तर त्यांना ज्या एकाच व्यक्तीविरुद्ध जावं लागलं असतं, ती त्यांच्या बाजूने उभी होती. सगळ्या प्रकरणातली सर्वांत दुष्ट गाठ ती हीच.

आणि शेवटचा मार्ग, नकार द्यायचा.

काय केलं

बर्गबाईंनी नकार दिला. नुसता नकार देऊन त्या थांबल्या नाहीत. लोब यांना काढायला लावलंत तर मिळेल त्या व्यासपीठावर उभी राहून मी लोकांना सांगेन की जनरल फूड्सचा माल घेऊ नका, असं त्यांनी कंपनीला सुनावलं. या धमकीत दम होता. जी बाई दर सोमवारी ‘सँका’ घ्या म्हणत होती आणि जिच्या शब्दावर लोक खरोखर कॉफी आणत होते, तीच बाई ‘घेऊ नका’ म्हणाली असती. त्यातच म्यूअर प्रकरणावर वृत्तपत्रांतून टीका झाली होती आणि कंपनी अडचणीत होती. तिने माणसं वगळण्याचं आपलं धोरण तूर्त बाजूला ठेवत असल्याचं जाहीर केलं. लोब राहिले.

१९५०-५१ चा हंगाम असा पार पडला. जानेवारी १९५१ मध्ये बर्गबाईंना सर्वोत्तम अभिनेत्रीचा एमी पुरस्कार मिळाला. तो या गटातला पहिलाच पुरस्कार होता. वरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की बाई जिंकल्या.

माझ्या मते पहिला निर्णायक क्षण हाच आहे आणि तो बहुधा हातून निसटला. प्रायोजक माघार घेतो तेव्हा त्याने मत बदललेलं असतंच असं नाही. तो फक्त योग्य वेळेची वाट पाहत असतो. कंपनीने धोरण ‘तूर्त’ बाजूला ठेवलं होतं. त्या ‘तूर्त’ची मुदत किती, याचं लेखी उत्तर बर्गबाईंकडे नव्हतं.

१९५१ च्या वसंतात हंगाम संपत आला आणि जनरल फूड्सने प्रायोजकत्व सोडलं. कारण दिलं खर्चाचं. या वेळी कोणी लोब यांचं नाव घेतलं नाही, म्हणून बर्गबाईंना व्यासपीठावर जाऊन सांगण्यासारखं काही उरलं नाही. ज्याने कसलीच मागणी केलेली नाही त्याच्याविरुद्ध बहिष्कार पुकारायचा कसा? धमकी बोथट करण्याची याहून पक्की युक्ती नव्हती. पाठोपाठ सीबीएसनेही मालिका सोडली. देशभर गाजणारी, पुरस्कार मिळालेली मालिका जूनअखेर बेघर झाली. शरदात सीबीएसच्या सोमवार रात्री ल्युसिल बॉल यांची नवी विनोदी मालिका सुरू झाली आणि वर्षभरात ती देशातली सर्वांत लोकप्रिय मालिका ठरली.

एनबीसीने गोल्डबर्ग कुटुंबाला जागा द्यायची तयारी दाखवली. पण एनबीसीलाही प्रायोजक हवा होता आणि लोब असेपर्यंत एकही प्रायोजक पुढे येईना. १९५१ चा शरद ऋतू रिकामा गेला. थेट प्रक्षेपणाच्या त्या काळात मालिका बंद पडली की नट, तंत्रज्ञ, सगळ्यांची चूल बंद. साठवलेले भाग पुन्हा दाखवून पैसे मिळवण्याची सोय तेव्हा नव्हती. महिनेच्या महिने वीसेक माणसं थांबून होती आणि त्यांतल्या कोणाचंही नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

दुसरा निर्णायक क्षण जानेवारी १९५२ चा. लोब यांनी करारापोटी रोख रक्कम घेऊन बाजूला व्हायचं मान्य केलं. बर्गबाईंनी जाहीरपणे सांगितलं की लोब कम्युनिस्ट नाहीत आणि कधी नव्हते, असं ते म्हणतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. आमच्यात काही वाद नाही. पण मालिकेवर पोट असलेल्या वीसेक माणसांना आणखी ताटकळत ठेवणं न्यायाचं होणार नाही.

ही भूमिका मी कितीतरी वेळा मनात घोळवली आहे. यातलं एकही वाक्य खोटं नाही. विश्वास होता, वाद नव्हता, माणसं खोळंबली होती. तरी शेवट तोच झाला, जो दीड वर्षापूर्वी एका फोनवर झाला असता.

परिणाम

फेब्रुवारी १९५२ मध्ये मालिका एनबीसीवर परत आली. अर्ध्या तासाचा साप्ताहिक भाग गेला आणि आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं मिळाली. जेक म्हणून हॅरल्ड स्टोन आले, पुढे रॉबर्ट हॅरिस. दोघेही चांगले नट. पण प्रेक्षकाने अडीच वर्षं ज्याला मॉलीचा नवरा मानलं, तो माणूस एका शब्दाविना बदलला होता. नंतर मालिका कधी साप्ताहिक झाली, १९५४ साली काही महिने ड्युमाँट या डबघाईला आलेल्या वाहिनीवर गेली, आणि शेवटी १९५५ साली फिल्मवर चित्रित होऊन वेगवेगळ्या स्थानकांना सुटी विकली गेली. त्या वेळी गोष्टीतलं कुटुंब ब्रॉंक्स सोडून हॅव्हरव्हिल नावाच्या काल्पनिक उपनगरात राहायला गेलं होतं. खिडकी होती, पण समोर शेजाऱ्यांनी भरलेली इमारत नव्हती. १९५६ साली सगळं आटोपलं. लोब गेले म्हणून मालिका पडली असं मी म्हणणार नाही. लोक उपनगरांत जात होते, करमणुकीची चव बदलत होती. पण सात-आठ महिने पडद्यावरून नाहीसं होणं आणि मग दिवस, वेळ, वाहिनी सारखी बदलत राहणं कुठल्याच मालिकेला मानवत नाही.

बर्गबाई स्वतः सावरल्या. १९५९ साली ब्रॉडवेवरच्या भूमिकेसाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. १९६१ साली सीबीएसवरच त्यांची नवी मालिका आली आणि एक हंगाम चालली. १९६६ साली त्या वारल्या.

लोब यांना रंगभूमीवर थोडंफार काम मिळालं, कारण ब्रॉडवेला प्रायोजक नव्हता. तिथे तिकीट काढणारा प्रेक्षकच मालक, त्यामुळे काळ्या यादीची, म्हणजे ‘रेड चॅनल्स’सारख्या याद्यांतल्या माणसांना काम न देण्याच्या रीतीची, पकड ढिली होती. पण टीव्ही आणि रेडिओ कायमचे बंद झाले. तडजोडीचे पैसे पुरेनात. ज्या खाजगी संस्थेत मुलाची देखभाल चालली होती, तिथून त्याला सरकारी रुग्णालयात हलवावं लागलं. काळ्या यादीत अडकलेले दुसरे नट झीरो मोस्टेल यांच्या घरी लोब काही काळ राहिले. १ सप्टेंबर १९५५ रोजी मॅनहॅटनच्या टॅफ्ट हॉटेलमध्ये त्यांनी आपलं जीवन संपवलं. वय ६४.

वेगळं काय करता आलं असतं

सत्तर वर्षांनी आरामात बसून हे लिहिणं सोपं आहे, याची मला जाणीव आहे. तरी हे प्रकरण नुसतं हळहळून सोडून देण्यासारखं नाही, कारण काही वाटा त्या वेळीही दिसत होत्या.

सप्टेंबर १९५० मध्ये बर्गबाईंच्या हातात सर्वांत जास्त ताकद होती. प्रायोजक बदनामीला घाबरलेला, मालिका शिखरावर, पुरस्कार तोंडावर. त्या ताकदीवर त्यांनी लोब यांची नोकरी वाचवली, पण पुढच्या हंगामाची हमी घेतली नाही. त्याच वेळी दोन वर्षांचं लेखी प्रायोजकत्व मागितलं असतं, किंवा कंपनीचा निरोप वृत्तपत्रांत छापून आणला असता, तर १९५१ मध्ये ‘खर्चाचं कारण’ इतक्या सहज पुढे करता आलं नसतं. त्यांनी प्रकरण बंद दाराआड मिटवलं. चांगल्या घरातल्या माणसासारखं वागल्या त्या. पण बंद दाराआडचा विजय कोणाला दिसत नाही, आणि न दिसलेला विजय पुढच्या लढाईत उपयोगी पडत नाही.

१९५३ शी तुलना करून पाहावी. त्या सप्टेंबरात ल्युसिल बॉल यांच्यावरच बालंट आलं. १९३६ साली त्यांनी मतदार नोंदणीत कम्युनिस्ट पक्ष लिहिला होता. आजोबांच्या हट्टाखातर, असं त्यांनी चौकशीत सांगितलं. बातमी फुटताच त्यांचे पती देसी आर्नाझ यांनी चित्रीकरणाला जमलेल्या प्रेक्षकांसमोर उभं राहून सगळं सांगून टाकलं. प्रायोजक फिलिप मॉरिस आणि सीबीएस दोघेही त्यांच्यामागे उभे राहिले. म्हणजे यादी अभेद्य नव्हती. पण बॉल यांच्याकडे त्याच वर्षी झालेला ऐंशी लाख डॉलरचा करार होता, मालिका पहिल्या क्रमांकावर होती आणि बोट खुद्द नायिकेकडे होतं. तिला बदलणं म्हणजे मालिकाच बंद करणं. नवरा बदलता येतो, असा हिशेब गोल्डबर्गांच्या बाबतीत सगळ्यांनी केला. बर्गबाईंनी सप्टेंबर १९५० मध्ये नकार दिला होता, जानेवारी १९५२ मध्ये तो त्यांना धरून ठेवता आला नाही. मी त्यांना दोष देत नाही. सहा महिन्यांची रिकामी खिडकी आणि वीस घरं डोळ्यांसमोर असताना मीही कदाचित हेच केलं असतं.

एकाच प्रायोजकावर उभं राहणं हा दुसरा कच्चा दुवा. फिल्मवर भाग काढून स्थानकांना सुटे विकण्याचा धंदा १९५१ साली अगदीच अनोळखी नव्हता. बर्गबाईंनी तो १९५५ मध्ये केलाच. चार वर्षं आधी केला असता तर एका कंपनीच्या जागी अनेक शहरांतले छोटे जाहिरातदार मिळाले असते आणि लोब यांना घेऊनही मालिका कुठेतरी जगली असती. लॉरेन्स जॉन्सन यांच्या पाट्या सिरॅक्यूजमध्ये लागल्या असत्या, देशभर नसत्या लागल्या. हा माझा अंदाज आहे, पण त्याच काळात सुटे कार्यक्रम विकून लोक पैसे कमावत होते, हे खरं.

संघटनेची वाट मात्र खरोखर बंद होत गेली. लोब यांनी आयुष्यभर ज्या संघटनांसाठी वेळ दिला, त्यांच्यातच फूट पडली होती. १९५५ साली रेडिओ-टीव्ही कलाकारांच्या संघटनेने अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या समितीसमोर उत्तर न देणाऱ्या सदस्यावर कारवाई करण्याचा नियम केला. कोर्टाची वाट उघडली ती पार १९६२ मध्ये. रेडिओ कलाकार जॉन हेन्री फॉक यांनी यादी चालवणाऱ्यांवर, त्यांत जॉन्सनही होते, भरलेला खटला जिंकला आणि ज्यूरीने ३५ लाख डॉलरची भरपाई जाहीर केली. वरच्या कोर्टात ती बरीच घटली, पण याद्यांचं कंबरडं मोडलं. खटला सहा वर्षं चालला होता. तेवढा वेळ आणि तेवढा पैसा लोब यांच्याजवळ नव्हता. आणि आधी म्हटल्याप्रमाणे, त्यांनी भांडायचं कोणाशी?

जिथे सर्वांत सहज काही वेगळं करता आलं असतं, ती जागा तडजोडीनंतरची. जानेवारी १९५२ मध्ये सगळ्यांनी एकदाची सुटका झाली असं मानलं. एकरकमी पैसे देणं म्हणजे माणसाला सन्मानाने निरोप देणं, पण ज्याला पुढे काम मिळणारच नाही त्याला एकरकमी पैसे फार दिवस पुरत नाहीत. मालिका पुढची चार वर्षं चालली. तिच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा, किंवा लेखनात, नव्या नटांच्या तालमीत पडद्याआडचं एखादं काम लोब यांना देता आलं असतं. त्यांनी किती नट घडवले होते! पडद्यावर नाव न देता काम देण्याची रीत त्या काळात लेखकांनी वापरली, दुसऱ्याच्या नावावर संहिता विकल्या. नटाला चेहरा लपवता येत नाही, पण शिकवणाऱ्याला येतो.

१९४९ ते १९५१ मधल्या मालिकेचे काही भाग टिकले आहेत. थेट प्रक्षेपण चालू असताना पडद्यासमोर कॅमेरा लावून उतरवलेली ती धूसर, करड्या रंगाची चित्रं आहेत. त्यांत मॉली खिडकीतून ‘सँका’बद्दल बोलते, मग वळते, घरात येते. दार वाजतं. टोपी काढत, दिवसभराच्या कामाने वैतागलेला जेक आत येतो, आणि मॉली त्याच्यासाठी ताट वाढायला घेते.